कात्री लावण्याआधी

दुकानातला दादा एका बाबतीत भलता हट्टी. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की कात्रीला हात न लावता आधी म्हणायचा, "कसं हवंय ते तुम्ही सांगा, मग सुरुवात करू." शेजारचा कारागीर हसायचा, तोवर माझं अर्धं डोकं उरकतं म्हणायचा. पण दादाला मुलगी समजून घरच्यांनी वीस वर्षं न विचारता फ्रॉक घातले होते, वेण्या घातल्या होत्या. न विचारण्याचा त्याला पुरता वीट आला होता.

मग पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली, आवाज जाड झाला, दाढी उगवली. त्या दाढीचं कौतुक तर विचारूच नका. केस चार आणि कंगवा दिवसातून दोनदा!

हे सगळं छानच, पण ताठा चढला की अक्कल गहाण पडते. एचआयव्हीपासून बचावासाठी दादाने मोबाईलवर एक अ‍ॅप घेतलं. पहिलाच प्रश्न, पुरुष की स्त्री? गड्याने छाती काढून 'पुरुष' दाबलं. खाली बारीक अक्षरात विचारलं होतं, शरीराविषयी आणखी काही सांगायचंय? त्यावर फणकाऱ्याने 'नाही'. आता मोबाईललाही चौकशा हव्यात, म्हणे! अ‍ॅप बिचारं भोळं. त्याने इतर पुरुषांना सांगतात तीच पद्धत सांगितली, की एचआयव्ही टाळणारी गोळी रोज नको, संबंधाआधी दोन आणि नंतर दोन दिवस एकेक. दादाने ती घड्याळ लावून पाळली.

एका रविवारी निरोध फाटला. जोडीदाराने कित्येक वर्षांत तपासणी केलेली नव्हती. तरी दादा निर्धास्त, गोळ्या घेतल्यात ना! सोमवारी दुपारी त्याने अ‍ॅपवर सल्ला देणाऱ्या ताईंना हे सहज कळवलं, आणि जाता जाता विचारलं, की गोळी आणि हार्मोनचं इंजेक्शन एकाच दिवशी चालेल ना.

दोन मिनिटांत ताईंचा फोन. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच ठेवून दादा मागच्या खोलीत गेला. इंजेक्शन कशासाठी, असं ताईंनी सरळ विचारलं. टॉवेलांच्या ढिगापाशी उभं राहून त्याने परक्या माणसाला पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

"तुम्ही पुरुषच आहात, त्यात वाद नाही," ताई म्हणाल्या. "पण ही पद्धत तुमच्या शरीराला पुरेल याची खात्री नाही. योनीमार्गात औषध पुरेसं साठायला रोजची गोळी लागते. अशा संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत दुसऱ्या गोळ्या सुरू करायच्या असतात. आत्ताच निघा, दवाखान्यात मी कळवते."

फेसाने माखलेलं गिऱ्हाईक शेजाऱ्याच्या हवाली करून दादा धावत सुटला.

अठ्ठावीस दिवस गोळ्या, मग तपासण्या. तीन महिने जीव टांगणीला. रोज सकाळी ताईंचा संदेश यायचा, गोळी घेतली का? दादाला स्वतःचाच राग यायचा. पुरुष व्हायचं तर शरीर लपवायचं, हे आपल्याला कुणी सांगितलं होतं? एकदा ताईंनी विचारलं, तो प्रश्न कसा विचारला असता तर खरं सांगितलं असतंत? दादाने दुकानातलं रोजचं वाक्य लिहून पाठवलं आणि विसरून गेला.

शेवटची तपासणीही चांगली आली. विषाणू नाही! दादा दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला, मग ताईंना फोन लावला.

"ताई, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही."

त्या म्हणाल्या, "उपकार कसले? जरा अ‍ॅप उघडा बघू, नवीन केलंय."

दादाने उघडलं. पुरुष की स्त्री हा प्रश्न पहिल्या पानावरून गेला होता. तिथे लिहिलं होतं, 'कसं हवंय ते तुम्ही सांगा, मग सुरुवात करू.' खाली दोन चौकटी होत्या. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? आणि शरीराविषयी आम्ही काय लक्षात ठेवू?

पहिल्या चौकटीत त्याने 'दादा' लिहिलं. दुसरीला वेळ लागला, कारण ती त्याने शेवटपर्यंत भरली.