पोकळ बोंडं

लुबनाला या खतन्याचं, बाळाच्या सुंतेचं, आवतण नव्हतं, तरी ती चकलांब्याहून उमापूरला आली. सोबत चार वर्षांची लेक, माहेनूर. केस पांढरे, डोळ्यांवर काळा चष्मा.

गौसिया लुबनाची सख्खी फुप्पी, म्हणजे आत्या, आणि सासूही. माहेनूर जन्मली तेव्हा हीच गरजली होती, "आमच्या खानदानात असलं पांढरं पोर न्हाई. कुनाचं हाय इचारा हिला!" आणि नवरा, जाकीर, मान खाली घालून चपला बघत राहिला. ओल्या बाळंतिणीला मायलेकांनी माहेरी धाडलं. लुबना ते विसरली नव्हती, विसरणारही नव्हती.

आता गौसियाच्या लेकीला, मावसभावाला दिलेल्या आफ्रीनला, मुलगा झाला होता. पांढराफट्ट! करावं तसं भरावं. ऐकून लुबना पोटभर हसली होती.

"रक्त तपासलंय, पेशी पुऱ्या हायेत," गौसिया पाहुण्यांना सांगत होती.

माहेनूरच्याही पुऱ्याच होत्या. तरी खेळताना पडून दात निखळला तेव्हा रक्त थांबता थांबेना. बीडच्या डॉक्टरीणबाईंनी उलगडून सांगितलं होतं: रक्त गोठवणाऱ्या पेशी मोजायला पुऱ्या भरतात, पण आतले बारीक दाणे रिकामे, कारण ते घडवणारी प्रथिनंच बिघडलेली. त्याच बिघाडानं अंगाला रंगही येत नाही. झाडभर बोंडं आणि आत कापूस नाही, तसं. आणि हा दोष आई-बाप दोघांकडून यावा लागतो. हे लुबनानं उमापूरला कळवलं नव्हतं. चारचौघांत सांगायचं म्हणून पोटात ठेवलं होतं.

वस्तरा निघाला. गप्प बसावं, वाहू दे यांचंही रक्त, असं तिला मनापासून वाटलं. तेवढ्यात उजेडानं बाळानं डोळे मिटले, अगदी माहेनूरसारखे.

तिनं झडप घालून बाळ उचललं.

"कापलं तर रक्त थांबनार न्हाई. माझ्या पोरीचाच आजार हाय ह्यो. आईबापाच्या दोन्ही बाजूनं येतो, फुप्पी, म्हंजी तुमच्याबी रक्तात हाय. आता सांगा समद्यांना, हे पोर कुनाचं हाय?"

आफ्रीन हमसून रडू लागली. गौसियाचा सगळा तोरा उतरला.

"आमचंच."

"आन् माहेनूर?"

"तीबी... जाकीरचीच."

जाकीर पुढे आला. गुडघ्यांवर बसून त्यानं हात पसरले. माहेनूर आईमागे सरकली.

"अम्मी, हे कोन?"

या प्रश्नाची लुबना किती दिवस वाट बघत होती.

"कोन न्हाई, बेटा. बाळाचा मामा हाय."