तीन भाषा शिकलेला प्रोग्राम

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. मला हात नाहीत, तोंड नाही. तरी एका माणसाचे बोलणे मी कित्येक वर्षे वाहिले.

तो माणूस म्हणजे, मला लिहिणाऱ्या ताईचे बाबा. धंद्याने शिंपी, आणि शिलाई मशीनपेक्षा त्यांची जीभ वेगाने चालायची. एकदा अर्धांगवायूचा झटका आला आणि ती जीभच थांबली. डोके शाबूत होते आणि डाव्या हाताचे एक बोट हलत होते. ताई सॉफ्टवेअरचे काम करायची. त्या एका बोटासाठी तिने मला लिहिले. पडद्यावर मी एकेक अक्षर उजळत जायचो. हवे ते आले की बाबा कळ दाबायचे.

घरातला कॉम्प्युटर जुना आणि मंद होता. म्हणून ताईने मला थेट त्याच्या प्रोसेसरच्या, म्हणजे असेंब्ली भाषेत घडवले. मी चपळ झालो. बाबांनी पहिलेच वाक्य जुळवले, "चहा पाणचट आहे." आई हसता हसता रडली आणि पुन्हा आधण ठेवायला गेली. त्यानंतर बाबांनी घर पूर्वीसारखे डोक्यावर घेतले. आल्यागेल्याच्या कॉलरला नावे ठेवल्याशिवाय ते कुणाला सोडत नसत.

डॉक्टरांनी माझे फार कौतुक केले. त्यांच्याकडे एक निवृत्त शिक्षिका यायच्या. त्यांचीही वाचा गेलेली. ताई मला घेऊन त्यांच्या घरी गेली. त्यांचा कॉम्प्युटर नवा, पण प्रोसेसर वेगळ्या जातीचा, त्याला माझी भाषा कळेना. मी सुरूच झालो नाही. बाई कोऱ्या पडद्याकडे बघत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

ताईची ऑफिसातली मैत्रीण म्हणाली की याला सी भाषेत लिही. मग प्रत्येक यंत्राचा कंपायलर त्या त्या यंत्रासाठी भाषांतर करून देईल. ताईला ते पटले, पण पडदा आणि कळा सांभाळणारा भाग यंत्रागणिक बदलावा लागणार होता. जावा नावाच्या भाषेत लिहिले तर एकदाच भाषांतर करायचे. जिथे जावाचे आभासी यंत्र, म्हणजे जावा चालवणारा प्रोग्राम, बसवलेले असेल तिथे मी चाललो असतो. ताईने तेही करून पाहिले. पण त्या आभासी यंत्राला मेमरी भरपूर लागे. बाबांच्या कॉम्प्युटरवर मी अक्षरशः रांगू लागलो. बाबांनी शेरा मारला, "हा माझ्यापेक्षा म्हातारा."

नोकरी, घर आणि हे सगळे करता करता ताई थकली होती. "राहू दे," ती म्हणाली. "आपलं चाललंय ना नीट, मग झालं."

बाबांनी कळेवर बोट ठेवले. ताई उभी राहून वाचत होती.

"माझं भागलं. बाईंचं काय?"

ताई खुर्ची ओढून बसली.

तिने माझा अक्षरे निवडणारा भाग सीमध्ये लिहिला. पडदा आणि कळांचे काम वेगळे काढले, म्हणजे नव्या यंत्रावर तेवढेच बदलावे लागेल. बाबा रोज मला तपासायचे आणि चुका काढायचे. त्यांचा शिंप्याचा डोळा माझा एकही टाका सोडत नसे. माझे असेंब्लीचे रूप कपाटात गेले. वाईट वाटले, पण रागावलो नाही. जावाचे रूपही वाया गेले नाही. पुढे दवाखान्यातल्या दणकट यंत्रांवर ते कामाला लागले.

बाईंकडे दुसऱ्यांदा गेलो तेव्हा बाबाही हट्टाने चाकांच्या खुर्चीतून आले. या वेळी मी सुरू झालो. बाईंनी अक्षरामागून अक्षर जुळवले आणि त्यांच्या मुलाने वाचले, "खिडकी लाव. थंडी वाजते."

आईला मोकळी हवा मिळावी म्हणून तो ती खिडकी रोज न चुकता उघडायचा. तो उठला, खिडकी लावली आणि तिच्या पायांशी येऊन बसला.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काही लिहाल. आपल्या घरच्या यंत्रावर चालले की थांबू नका. त्याची प्रत जपा, आणि दुसऱ्या यंत्रावर नेता येईल असे ते लिहा. कुठल्यातरी घरात कुणीतरी थंडीत बसलेले असेल, आणि त्याला ते सांगता येत नसेल.