प्लासीदकाकांचा बिनडिझेलचा जनरेटर

डिझेलची टाकी काढून गवतात ठेवली होती, नळी मोकळी लोंबत होती, आणि तरीही जनरेटर धडधडत होता. कोळंबीच्या गोदामापुढे अख्खं बायू पेर्दू गाव गोळा झालं होतं. बायका छातीवर क्रूस काढत होत्या, पुरुषांच्या हातातली बीअर तशीच गरम होत होती. मधोमध जाड कातडी टोपी घातलेले प्लासीदकाका डोळे मिटून पुटपुटत उभे होते.

"डिझेल कोण पितं?" डोळे न उघडताच ते म्हणाले. "पापी इंजिन पितं. हा पुण्यवान आहे. वादळात बुडाला, गंजला, मेला. मी तीन फुंकरा घातल्या आणि उठून बसला. सुरू करताना घोटभर डिझेल द्या, मग टाकी काढून फेका. पुढे याला फक्त श्रद्धा लागते. आणि थोडं मंतरलेलं तेल, ते माझ्याकडे मिळेल."

मागे उभ्या असलेल्या झेल्मीर वेरेने कपाळाला हात लावला. गावच्या शाळेत ती जन्मभर विज्ञान शिकवत आली होती. समोरच्या निम्म्या डोक्यांत तिनेच ते ओतलं होतं, आणि आता ते कुठून गळून गेलं हे तिला कळेना.

आमच्या बायूवर, म्हणजे या दलदलीच्या खाडीकाठी, मंतरून देणारी माणसं पिढ्यान्पिढ्या आहेत. चामखीळ, ऊन लागणं, लचकलेला पाय, असल्या गोष्टींवर ती प्रार्थना पुटपुटतात. त्यांना पैसे द्यायचे नाहीत आणि आभारही मानायचे नाहीत. 'मेर्सी' म्हटलं की आलेला गुण गेला. भली माणसं असतात, त्यांनी कुणाचं वाकडं केलेलं नाही. प्लासीदकाकांनी मात्र हाच नियम उचलून जनरेटरला लावला. मंतरण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, जनरेटरचे मात्र रोख. दोन दिवसांनी तो कायमचा बंद पडला की काका दारात उभे राहून गंभीरपणे विचारायचे, "घरात मेर्सी कोण म्हणालं?"

आता सभ्य घरात मेर्सी कोण म्हणत नाही? तेलेस्फोर शोव्हँच्या घरी सासू-सुनांचं बोलणं बंद झालं. शेवटी खापर पोपटावर फुटलं. त्याला तेवढा एकच शब्द येत होता, त्यामुळे बिचाऱ्याला बचाव करता आला नाही. त्याची रवानगी भाचीकडे झाली आणि काकांनी तेलेस्फोरला दुसरा जनरेटर विकला.

झेल्मीरने एरवी हसून सोडून दिलं असतं. पण तिचा नवरा ओनेझिम आयुष्यभर बोटीवर सिगारेटी फुंकत बसलेला, आता त्याच्या फुफ्फुसांत जीव उरला नव्हता. विजेवरच्या ऑक्सिजन यंत्राशिवाय त्याची रात्र निघत नसे. गेल्या वर्षी वादळाने तारा पाडल्या तेव्हा त्याला मुलीकडे बॅटन रूज शहरात नेलं होतं. तिथल्या सातव्या मजल्यावर तो कोंडलेल्या बोक्यासारखा सगळ्यांवर गुरगुरत राहिला. यंदा पुन्हा आखातात वादळ घोंगावत होतं, आणि तो हटून बसला होता की मरेन पण लिफ्टमध्ये चढणार नाही.

"मी काकांना शब्द दिलाय," घरी आल्यावर ओनेझिम म्हणाला. "उद्या जनरेटर अंगणात आणून दाखवणार आहेत."

"कशावर चालतो ते विचारलंस?"

"श्रद्धेवर."

"आणि भर वादळात श्रद्धा संपली तर? तुझ्या नाकातल्या नळीत मी फुंकत बसू?"

"बस की. नाहीतरी दिवसभर तुझ्या तोंडातून वाराच निघतो."

झेल्मीरला हसू आलं. पण स्वयंपाकघरात गेल्यावर ते टिकलं नाही. हा माणूस तिला अजून हवा होता, आणि या वेडेपणापायी तो जाईल अशी तिला खरोखरच भीती वाटली. खरंच चालत असेल श्रद्धेवर, असंही क्षणभर मनात आलं; मग डोळे पुसून ती विचाराला बसली.

गोदामापुढे दोन गोष्टी तिच्या नजरेतून सुटल्या नव्हत्या. एक म्हणजे धूर. तो निळसर होता आणि त्याला करपलेल्या तेलाचा वास होता. नुसत्या प्रार्थनेला असा वास येत नाही. दुसरी म्हणजे टोपी. खेळ संपवताना काका "झोप लेकरा" म्हणत टोपी इंजिनाच्या एका ठरावीक भोकावर ठेवायचे आणि इंजिन गपगार व्हायचं. ज्याला डिझेल लागत नाही, त्याला टोपीचं काय एवढं वावडं?

दुसऱ्या दिवशी दुपारी वेऱ्यांच्या अंगणात जत्राच भरली. काकांनी आपल्या ट्रकने ओढत गाड्यावरचा जनरेटर आणून उभा केला. त्याच्या कुशीवर संताचं चित्र असलेला पत्रा ठोकला होता. झेल्मीर लिंबूपाणी घेऊन पुढे आली.

"काका, घामाने डबडबलात की. द्या ती टोपी, वाळत घालते."

यजमानीणबाईला नाही कसं म्हणणार? टोपी गेली ती थेट वरच्या सज्जातल्या दोरीवर. येताना झेल्मीरने गंबोच्या रश्श्याच्या हंड्याचं जाड बिडाचं झाकण आणून पायरीवर ठेवलं. गंबो शिजत असेल असं समजून चारपाच जण खूश झाले.

काकांनी बटण दाबलं. इंजिन खोकलं, चालू झालं. त्याला जोडलेला सज्जातला दिवा लागला. काकांनी टाकी काढली, नळी सोडवली, तीन फुंकरा घातल्या. इंजिन चालूच राहिलं. ओनेझिमने बायकोकडे 'कसं काय?' अशा नजरेने पाहिलं.

झेल्मीर दोन पावलं पुढे झाली आणि इंजिनाकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाली, "मेर्सी."

अंगणातल्या लोकांनी श्वास रोखले. तेलेस्फोरच्या बायकोने तोंडावर हात ठेवला. इंजिन आपलं चालूच.

"मनापासून नव्हतं म्हटलेलं," काका घाईघाईने म्हणाले. "संतांना कळतं सगळं."

"बरं. मग सगळे मिळून मनापासून म्हणू. शाळेत म्हणायचात तसं. ताठ उभे राहा."

जुनी सवय. टक्कल पडलेले, नातवंडं झालेले बाप्ये आपोआप ताठ उभे राहिले आणि एका सुरात ओरडले, "मेर्सी, बाई."

इंजिन बंद पडलं नाही. उलट त्याने वेग घेतला. "बघा, खूश झाला," काका म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता. इंजिन आणखी चढलं, किंचाळायला लागलं, गाडा जागच्या जागी नाचायला लागला. निळ्या धुराचा लोट उठला. सज्जातला दिवा लखलखला आणि फट्‌दिशी फुटला. काकांचा हात डोक्याकडे गेला आणि रिकामाच खाली आला.

"बाई, माझी टोपी."

"वाळतेय अजून."

"बाई, पाया पडतो, टोपी द्या. हा फुटेल."

"पुण्यवान आहे ना? प्रार्थना थांबवा, म्हणजे तोही थांबेल."

"कसली आलीय प्रार्थना, तो तेल पितोय! त्याचं हवेचं भोक बुजवा," असं किंचाळून काका ओनेझिमच्या ट्रकमागे जाऊन दडले. नाक दाबलं की तोंड उघडतं, ते असं.

लोक वाट फुटेल तिकडे पळाले. झेल्मीरने झाकण उचललं आणि हवेच्या भोकावर घट्ट दाबून धरलं. इंजिन गुदमरलं, तीनदा हिसके देऊन मेलं. तिच्या कानांत बराच वेळ शिट्टी वाजत राहिली.

मग तिने तेलेस्फोरला संताचा पत्रा काढायला लावला. मागे एक रबरी नळी होती, इंजिनाच्या पोटातून निघून थेट हवेच्या भोकात शिरलेली, तेलाने ओथंबलेली. तेल मोजायची पट्टी बाहेर काढली तर तेल खुणेच्या वर गच्च भरलेलं.

"डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही," बाई म्हणाल्या, आणि आपोआप सगळे खाली बसले. "जे जळेल ते हवेबरोबर आत ओढायचं, दाबायचं, जाळायचं. डिझेल मिळालं तर डिझेल. नाही मिळालं तर स्वतःचं वंगण. यांनी पोटात तेल कोंबलं आणि त्याचा फवारा या नळीने तोंडात सोडला. सरपण नाही म्हणून घराचे वासे मोडून चुलीत घालावेत, तसा हा प्रकार आहे. दोन दिवस चूल पेटते, मग घर पडतं. वंगण संपलं की इंजिन अडकतं, आणि तुम्ही पोपटाला घराबाहेर काढता."

तेलेस्फोर मान खाली घालून पुटपुटला, "बाई, माझ्या बोटीचं इंजिन एकदा असंच उधळलं होतं. मी ओली गोधडी कोंबून बंद केलं होतं."

"मग गोदामापुढे का बोलला नाहीस?"

"वादळ येतंय ना, बाई. वाटलं, असेलही खरं."

झेल्मीर यावर ओरडली नाही. तिलाही आदल्या दिवशी स्वयंपाकघरात क्षणभर तसंच वाटलं होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. माहिती असते सगळी, पण गरज तिला गप्प बसवते.

"म्हणून तर अडचणीत जास्त प्रश्न विचारायचे," ती म्हणाली. "दाखवणारा काय दाखवतो ते बघू नका, काय झाकतो ते बघा. पत्रा काढायला लावा. काढू देत नसेल तर घेऊ नका. देवाकडे जे मागायचं ते खुशाल मागा, पण इंजिनाला डिझेलच घाला."

काकांनी त्याच संध्याकाळी पैसे परत द्यायला सुरुवात केली, कारण त्यांच्या ट्रकच्या किल्ल्या ओनेझिमच्या खिशात होत्या.

बंद पडलेल्या बर्फ कारखान्याचा एक जुना, बेढब जनरेटर तेलेस्फोरने शोधून काढला. त्याने आणि झेल्मीरने मिळून टाकीतला चिखल उपसला, गाळण्या बदलल्या, नळ्यांत अडकलेली हवा काढली, खुणेपर्यंत तेल भरलं. धूर घरात येऊ नये म्हणून झेल्मीरने तो खिडक्यांपासून लांब ठेवायला लावला आणि ऑक्सिजनचं यंत्र जोडून दिवसभर चालवून पाहिला. ओनेझिम कंटाळून तीनदा झोपला.

वादळ आलं, तारा पडल्या. अंगणातला तो बेढब प्राणी डिझेल पीत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी ओनेझिम पलंगावर उठून बसला, कॉफीचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ही कॉफी आहे की बायूचं पाणी म्हणून भांडायला लागला. एका दमात, मध्ये कुठेही धाप न लागता, चांगला अर्धा तास भांडला. झेल्मीर समोर बसून सगळं ऐकत राहिली.