काळ्या चंद्राचे पोस्टर

मित्रांनो, मी एका सिनेमाचे जुने पोस्टर आहे. माझा लाल रंग उडून गुलाबी झाला आहे आणि अंगावर घड्यांच्या रेघा आहेत. सिनेमाचे नाव होते 'काळ्या चंद्राची स्वारी'. तो फारसा चालला नाही, पण माझ्यावरचे चित्र मात्र लोकांना आवडायचे. मोठा काळा चंद्र, खाली गलबत, आणि गलबताच्या टोकावर कंदील उंच धरून उभी असलेली मुलगी.

छापखान्यातून निघालो तो अमेरिकेच्या उत्तरेला, मोठ्या तळ्याकाठी असलेल्या डुलुथ गावातल्या एका व्हिडिओच्या दुकानात आलो. दुकानदाराने मला दर्शनी काचेवर लावले. मार्लिस कोस्केला नावाची मुलगी धाकट्या भावाला, कर्टिसला, हाताला धरून रोज यायची आणि विचारायची, "हे काढलंत की आम्हाला द्याल?" उन्हाने माझा रंग उतरला, तेव्हा दुकानदार कंटाळून म्हणाला, "घेऊन जा बाई एकदाचं!"

त्यांच्या घराच्या तळघरात, टीव्हीच्या वरच्या भिंतीवर मला जागा मिळाली. याच सिनेमावरून निघालेला व्हिडिओ गेम ती दोघे माझ्याखाली बसून खेळत. एकाने सुकाणू धरायचे, दुसऱ्याने कंदील दाखवायचा. बाहेर तळे गोठलेले असे आणि आत दोघांची आरडाओरड चाले. आई जिन्यावरून हाका मारून दमायची. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस.

पुढे मुले मोठी झाली. वडील चार वर्षे अंथरुणाला खिळून गेले. आई लहान घरात राहायला निघाली, तेव्हा तळघर रिकामे करायला दोघे आली. कर्टिस मला भिंतीवरून उतरवू लागला.

"ए, ते माझं आहे," मार्लिस म्हणाली.

"तुझं कसं? आपलं आहे."

"दुकानदाराच्या मागे रोज कोण लागायचं?"

"आणि गेली चार वर्षं वडिलांकडे दर आठवड्याला कोण येत होतं, मार्लिस?"

भांडण माझ्यावरून नव्हते, मित्रांनो. पण दोघांच्या हातात मी होतो. चर्रकन आवाज झाला आणि मी कोपऱ्यापासून चंद्रापर्यंत फाटलो. कर्टिसने हात सोडला, गाडी काढली आणि सरहद्दीपलीकडे कॅनडात, थंडर बे गावातल्या आपल्या घरी निघून गेला. नाताळचे फोन हळूहळू बंद पडले. मार्लिसने मला मागून पट्टी लावून चिकटवले, गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत घातले आणि कपाटामागे उभे केले. तिथे मी कित्येक वर्षे अंधारात होतो.

मग त्या गेमची नवी, खास आवृत्ती निघाली. मार्लिसने मोठ्या हौसेने मोठा खोका मागवला. थोड्याच वेळात तिचा संताप मला कपाटामागेही ऐकू आला. तिने मला बाहेर काढले, टेबलावर पसरले आणि फोटो काढला. मग कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार लिहिताना प्रत्येक शब्द ती मोठ्याने बोलत होती.

"खोक्यावर 'भिंतभर पोस्टर' लिहिलंय आणि आत निघालं तळहाताएवढं! पोस्टर कसं असतं ते या फोटोत बघा. आणि दोघांनी मिळून खेळायची सोय का काढून टाकलीत? हा गेम एकट्यानं खेळायचा नाहीच मुळी!"

उत्तरे भराभर आली. "काकू, आता नातवंडांना खेळू द्या." "जोडीला कुणी मिळत नाही वाटतं?"

मार्लिसने चिडून लिहिले, "माणसं पुष्कळ आहेत. कंदील धरणारा नाही."

थोड्या वेळाने अनोळखी नावाने एक ओळ उमटली. "कंदील धरणारा चांगला होता. सुकाणूवालीच दर वेळी खडकावर आपटायची."

तिने चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. मग हळूच लिहिले, "कर्ट्या?"

"पोस्टर कुणी चिकटवलं?"

"मी."

"वाकडं चिकटवलंयस."

मार्लिस हसू लागली आणि हसता हसता रडू लागली. तेवढ्यात फोन वाजला.

"तेव्हा वडिलांकडे यायला हवं होतं मी," ती म्हणाली. "मला त्यांना तसं बघवत नव्हतं रे."

पलीकडून कर्टिस म्हणाला, "मलाही बघवत नव्हतं. हे तू तेव्हाच सांगायचं होतंस, वेडे."

कंपनीकडून 'आपली तक्रार मिळाली' एवढेच उत्तर आले. दोघांनी खेळायची सोय काही परत आली नाही. पण तळ्यावरचा बर्फ फुटला तेव्हा कर्टिस आपले गेम खेळायचे जुने यंत्र घेऊन आला. त्यांनी मला भिंतीवर लावले आणि माझ्याखाली बसून खेळ मांडला. मार्लिसने गलबत पहिल्याच खडकावर आपटले.

तो निघाला तेव्हा तिने मला नळीत घालून त्याच्या हाती दिले. "काही वर्षं तुझ्याकडे राहू दे. आणि भिंतीवर सरळ लाव, उन्हात नको."

मित्रांनो, जुना कागद टाकायचा असेल तर खुशाल टाका. पण त्याआधी तो ज्यांच्यासोबत पाहिला त्यांना एकदा विचारा. आणि कुणी क्षुल्लक गोष्टीवरून फार तावातावाने तक्रार करू लागले, तर हसण्याआधी जरा थांबा. त्याचे काय हरवले आहे, ते कधीकधी त्यालाही सांगता येत नाही.

सरहद्दीवर अधिकाऱ्याने नळीकडे बोट दाखवले. "यात काय?"

"काही नाही, जुनं पोस्टर," कर्टिस म्हणाला. अधिकाऱ्याने जा म्हणून हात केला, तरी गाडी हलेना. काच पुन्हा खाली करून तो म्हणाला, "माझ्या बहिणीनं दिलंय."