पंच्याऐंशीची लेन्स

माघातली सकाळ. उजनीच्या फुगवट्याचं पाणी राखाडी, निःस्पंद. कुणी आभाळाची घडी करून खाली ठेवावी तसं. त्यावरून धुक्याचं झिरझिरीत वस्त्र सरकत होतं, आणि पार पलीकडे, उथळ पाण्यात, अग्निपंखांची, फ्लेमिंगोंची, रांग उभी होती. फिक्कट, गुलाबी, एकपायी.

भालचंद्रअण्णा होडीत बसले होते. मांडीवर कॅमेरा, त्याला हातभर लांब लेन्स. पायाशी तिपाई, पाठीशी फुगलेली बॅग. बॅगेत अगदी तळाशी, एक न उघडलेलं खोकं.

"एवढी तोफ पाखरांवर, अण्णा?" वल्हं मारता मारता हौसाबाई म्हणाली. "एखादं भिऊन मरंल की."

अण्णा हसले नाहीत. हसू कुठून येतं ते ठिकाणच त्यांना सापडत नव्हतं.

छंद म्हणजे वेल. एक मांडव चढली की दुसरा मागते. निवृत्तीनंतर कॅमेरा आला. कॅमेऱ्यामागून तिपाई आली, तिपाईमागून बॅग, बॅगेमागून फिल्टरांची चळत. आणि या साऱ्या संभारापुढे, डाळिंबी इरकल नेसून, केसांत अबोली माळून कुमुद उभी राहायची.

"अहो, माझा एक काढा ना."

"थांब गं. चेहऱ्याची लेन्स वेगळी असते. पंच्याऐंशी मिलिमीटरची. ती येऊ दे, मग बघ."

तोवर बुलबुल टिपून झाले, शिंपी पक्षी टिपून झाले, जास्वंदीवरचं दव टिपून झालं. "पाखरांचं नशीब, बाई," म्हणत कुमुद इरकल बदलायची आणि कणीक मळायला घ्यायची. हातभर बांगड्या, मनगटभर पीठ. तेही अण्णांनी कधी टिपलं नाही. उजेड बरा नव्हता.

लेन्स आली. तेराव्याच्या दिवशी आली. दारात पंगत उठत होती, आणि कुरिअरवाला सही मागत होता. भिंतीवर हार ल्यालेली कुमुद होती: आधार कार्डावरून मोठी करून आणलेली, अर्धोन्मीलित, धुरकट, ठिपक्याठिपक्यांची.

अण्णा रडले नाहीत. त्यांनी दूरची लेन्स मागवली. मग तिच्याहून दूरची.

सूर्य वर आला. अग्निपंखांनी पंख उघडले आणि पाण्यावरून ज्वाळेची एक ओळ उठली, वळली, विरत गेली. अण्णांचं बोट बटणावर होतं, तसंच राहिलं.

"अण्णा," हौसाबाईनं वल्हं आडवं ठेवलं. "माझा एक काढता का? लेक म्हणती, आये, तुझा एकबी फोटू नाही घरात."

अण्णांनी कॅमेरा वळवला. दोन हातांवर बसलेली बाई त्या लांब लेन्सला दिसेचना. काचेत नुसतं तपकिरी धुकं.

"थांब—" ते म्हणाले.

"थांबते की. पर चुलीवर आधण ठिवायचंय जाऊन. चांगला ऱ्हाऊ द्या, आत्ताचा काढा."

मग अण्णांचा हात बॅगेच्या तळाशी गेला. वर्षाची चिकटपट्टी कर्रकन फाटली. आतली काच काळीभोर, नितळ. तिनं अजून काहीच पाहिलं नव्हतं.

हौसाबाईनं पदर डोईवर ओढला, भेगाळलेले पाय लुगड्याखाली घेतले, आणि श्वास रोखून बसली.

खट्.

पडद्यावर सुरकुती न् सुरकुती उमटली. पापणीवर दवाचा थेंब. मागे, पुसट, पुन्हा उतरलेल्या पाखरांची गुलाबी रेघ.

"अगं बया," ती वाकून पाहत राहिली. "मी अशी दिसती व्हय?"

"अशीच दिसतेस," अण्णा म्हणाले. आवाज कोरडा, पाणी आटलेल्या आडासारखा. डोळेही तसेच.

होडी काठाकडे वळली. वल्हं बुडत होतं, वर येत होतं. अण्णांच्या ओंजळीत ती लेन्स होती, ओठांशी आलेली, आणि तिच्यावर श्वासाचं धुकं धरत होतं. त्यांनी ते उपरण्यानं पुसलं; पुन्हा धरलं. पुसलं, पुन्हा धरलं. पुसत राहिले काठ येईतो, आणि काच धुरकटत राहिली.