अध्यक्षांची पावती

आमच्या डोंगरवाट सायकल मंडळात सदस्यांना तोटा नव्हता. मोबाइलच्या ग्रुपवर चारशेच्या वर माणसं. त्यात सायकल असलेले निम्मे, ती चालवणारे त्याच्याही निम्मे, आणि कुदळ हातात धरणारे... जाऊ द्या.

खुलताबाद रस्त्याला, जिथं शहर संपतं असं आम्हाला तोवर वाटायचं, तिथल्या एका बोडक्या टेकडीवर आम्ही सायकलची वाट काढली होती. आम्ही म्हणजे मुख्यतः धम्मपाल सर. एका शाळेत खेळ शिकवणारा हा माणूस दर रविवारी तिथं दगड हलवायचा, आणि मी, विमा कंपनीत टेबलामागं बसणारी बाई, त्यांच्या मागं घमेलं घेऊन. पावसानं दोन वर्षं पाठ फिरवली होती. मातीचा नुसता भुगा. वळणाला कड घालावी आणि ती वाऱ्यानं उडून जावी. मग सरांनी फर्मान काढलं, की येताना घरून धुण्याभांड्यांचं वापरलेलं पाणी कॅनमध्ये भरून आणायचं. ते मातीवर शिंपडायचं आणि धुम्मसानं ठोकून कड बसवायची. आमच्या उस्मानपुऱ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "लोक तुळशीला पाणी घालतात, आमची सून डोंगराला घालते." त्या वाटेवर माझा जीव होता, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

मंडळाचे अध्यक्ष अनंतराव काका. निवृत्त प्राचार्य. त्यांच्याकडं पांढरा कुर्ता, मोकळा वेळ आणि माइकची आवड, तिन्ही गोष्टी होत्या. आमच्याकडं अध्यक्ष व्हायला एवढं पुरतं. त्यांनी पाण्याचा कॅन कधी आणला नाही, पण वाटेचं उद्घाटन दोनदा केलं.

एका बैठकीत मी म्हटलं, वर्षाला तीनशे रुपये वर्गणी ठेवू. फावड्यांचे दांडे मोडलेत, कुणी पडलं तर औषधपाण्याला पैसा नाही. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी कुणाची किडनी मागितली.

"पैसे आले की राजकारण येतं," डॉक्टर हिमांशू म्हणाला. हा दातांचा डॉक्टर. सायकल दीड लाखाची. दाढ काढायचे पैसे घेतो तेव्हा मात्र राजकारण येत नाही.

"सेवा विकायची नसते, संध्याताई," अनंतराव म्हणाले. टाळ्या पडल्या. फुकटाला आमच्याकडं टाळ्या फार.

मग टेकडीच्या पायथ्याशी चुन्याच्या रेघा पडल्या. शहराला घरं हवी होती आणि टेकडीला कुणी वाली नव्हता. प्लॉटिंगच्या नकाशात रस्ता बरोबर आमच्या वाटेवरून जात होता. आम्ही हरकत घेतली. सुनावणीचे साहेब भले निघाले. "वाटेपुरती पट्टी मोकळी ठेवता येईल," ते म्हणाले, "पण ती राखणारी संस्था दाखवा. फोनवरचे अंगठे नकोत. उद्या तुम्ही दोघं दमलात तर? वर्गणी भरणारी पन्नास माणसं दाखवा. आणि अर्जावर सही अध्यक्षांचीच, तेही सदस्य पाहिजेत."

मी ग्रुपवर लिहिलं. शेकड्यांनी अंगठे आले, जोडलेले हात आले, दंडाच्या बेडक्या आल्या. वर्गणी आली पाचसहा जणांची.

"फुकट ते पौष्टिक, ताई," धम्मपाल सर म्हणाले. "लई झालं आता. थोडे दिवस हात लावायचा नाय वाटेला. बघू काय व्हतं."

त्यांनी टेकडीवर जाणं बंद केलं. वळणं भुसभुशीत झाली, दगड पुन्हा वाटेत आले, आणि एका रविवारी डॉक्टर हिमांशू तिसऱ्या वळणावरून थेट निवडुंगात गेला. पुढचा दात पडला. दातांच्या डॉक्टरचा! त्यानं कण्हत मला फोन केला, "वाट दुरुस्त कोण करतं?"

"वर्गणी भरणारे," मी म्हटलं.

त्याच दिवशी त्यानं पैसे पाठवले आणि ग्रुपवर वर्गणीचं महत्त्व सांगणारा लांबलचक मजकूर टाकला. माझ्या दोन महिन्यांच्या विनवण्यांनी झालं नाही ते त्या एका दातानं केलं. पन्नासच्या वर नावं झाली. सर आणि मी पुन्हा पाणी वाहायला लागलो.

शेवटच्या सुनावणीला अनंतराव नव्या कुर्त्यात आले. साहेबांनी पावत्या उलटल्या, मान डोलावली. माझ्या जिवात जीव आला.

"छान. अध्यक्षांची पावती दिसत नाही?"

अनंतराव हसले. "अहो, मी अध्यक्ष आहे."

"म्हणूनच विचारतोय."

मी काकांना दोनदा पावतीचं विचारलं होतं. दोन्ही वेळा "बघू, बघू." त्यांचंही एकट्याचं काय म्हणा. गणेश मंडळ असो की वाचनालय, आमच्याकडं अध्यक्षाला हार घालतात, त्याची पावती फाडत नाहीत.

"आज शेवटचा दिवस आहे," साहेब म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीनंतर पावती घेऊन या. मी थांबतो."

बाहेर व्हरांड्यात मी पावतीपुस्तक उघडलं. "काका, पैसे मी भरते. तुम्ही फक्त सही करा."

"प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. जे मंडळ मी जन्माला घातलं, तिथं मी पावती फाडून आत शिरू? एका अधिकाऱ्यानं सांगितलं म्हणून?"

"काका, पाय धरतो," सर म्हणाले. "पाणी न्हवतं प्यायला, तवा आमी त्या मातीला पाजलंय."

"तुमच्या कष्टांचा मला आदरच आहे, धम्मपाल," अनंतराव म्हणाले, आणि रिक्षा करून औरंगपुऱ्यात गेले. तिथं एका सत्काराचं अध्यक्षस्थान त्यांची वाट पाहत होतं.

साहेब खरंच थांबले. शेवटी त्यांनी अर्ज बाजूला ठेवला. मी व्हरांड्यात सगळ्यांदेखत रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. सरांनी पावतीपुस्तक मिटून माझ्या पिशवीत ठेवलं.

रस्ता त्याच उन्हाळ्यात झाला. वसाहत उभी राहिली. तिच्या मालकांनी शोभेसाठी आमच्या वाटेचा एक तुकडा ठेवला, तिसऱ्या वळणासकट. पुढं पाऊसही बरा झाला. एका रविवारी राहवलं नाही म्हणून मी सायकल घेऊन गेले. वसाहतीला फाटक होतं.

"म्याडम, मेंबर हाय का?" वॉचमननं विचारलं. "ट्रॅकवर मेंबरलाच सोडायलेत."

मी काही बोलणार, तेवढ्यात मागून अनंतराव आले. डोक्यावर कोरं हेल्मेट.

"अरे, मला ओळखत नाहीस? या वाटेचा संस्थापक अध्यक्ष आहे मी!"

"आसाल ना साहेब. पावती दावा."

"संध्याताई, सांगा हो याला!"

मी सायकल बाजूला घेऊन त्यांना वाट करून दिली. मग काकांनी वॉचमनला विचारलं, "वर्षाचे किती?"

"बारा हजार."

मला वाटलं, आता तत्त्व निघेल. निघालं पाकीट. वॉचमनच्या केबिनमध्ये वाकून त्यांनी नीट सही केली, पावतीची घडी खिशात घातली आणि माझ्याकडं न बघता आत गेले.

फाटकातून ते वळण दिसत होतं. कड अजून शाबूत होती. तिच्यात माझ्या घरच्या धुण्याचं पाणी मुरलंय.

"म्याडम," वॉचमन अदबीनं म्हणाला, "तुमची बी फाडू का पावती?"