चटईवरची मूठ

चटईचा तो एक कोपरा आजही उलटा वळलेला... कितीही दाबला तरी परत वर येणारा. तिने तो टाचेखाली धरला आणि बाकीचे पाठीवर आडवे झाले तशी तीही झाली. मीटिंगच्या खोलीतलं लांब टेबल भिंतीला सरकवलेलं, खुर्च्या एकावर एक, आणि जमिनीवर सगळा तक्रार विभाग — एरवी दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या खाणारा — ओळीने निजलेला. शेजारच्या चटईवर साहेब. योगाने त्यांची कंबर बरी झाली आणि मग त्यांनी सगळ्या ऑफिसलाच बरं करायचं मनावर घेतलं.

झालंही बरं, खोटं कशाला बोला. रजा कमी झाल्या, ड्रॉवरमधली डोकेदुखीची पाकिटं गेली, पंख्यावरून रोज हमरीतुमरीवर येणारा रोखपाल आता घामाने निथळत शांत बसतो. तिला स्वतःला गाढ झोप लागायला लागली. फक्त हल्ली तिथं इतकं शांत असतं की कुणी खुर्ची सरकवली तरी सगळ्यांच्या माना एकदम वळतात... आणि एकदमच परत फिरतात. हे तिच्याशिवाय कुणाला दिसत नसावं. की दिसतं, आणि कुणाला काही वाटत नाही?

"जे जड आहे ते इथंच खाली ठेवा," योगशिक्षिका म्हणाल्या.

नाही ठेवायचं. आज नाही. आई गेली त्या दुपारी भावाचा फोन आला होता, ती तुला हाक मारतेय, नीघ — आणि साहेब मान वर न करता म्हणाले होते, शिफ्ट संपवून जा. ती संपवून गेली, आणि पोचली तेव्हा हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. तेव्हापासून साहेबांना तोंडावर सांगायचं एक वाक्य तिने जपून ठेवलं होतं; रोज सकाळी ते घेऊन ती घरून निघायची आणि रोज या चटईवरून उठली की ते तिच्याजवळ नसायचं. जाऊ दे ना, असं वाटायचं. तेही एक वेळ चाललं असतं. पण काल भाऊ फोनवर सहज म्हणाला, आई तुला काय म्हणून हाक मारायची गं, ते लाडाचं... आणि तिला आठवेना. राग नेताना कुणीतरी त्याला चिकटलेलं ते नावही नेलं होतं.

उजवी मूठ घट्ट आवळ. अंगठा आत. मी सोडणार नाही, मी सोडणार नाही... श्वास आत, श्वास बाहेर, सगळ्या खोलीचा मिळून एकच, जणू जमीनच श्वास घेतेय. कपाळ सैल झालं. खांदे गेले. मग कुठूनतरी खालून, चटईच्याही खालून, कुणीतरी हाक मारली — छोटंसं नाव, नीट ऐकू येईना —

"हळूच कुशीवर वळा. उठून बसा."

ती उठून बसली. मूठ उघडी होती, बोटं सैल. साहेब आपली चटई गुंडाळत तिच्याकडे बघून हसले.

"बरं वाटतंय ना?"

"हो," ती म्हणाली. खरंच वाटत होतं. तेच तर.

चटईवर तिचं अंग उमटलं होतं — डोकं, पाठ, टाचा. नेहमीसारखं ते हळूहळू भरून येईल म्हणून ती बघत राहिली. बाकी सगळं भरून आलं. उजव्या हाताच्या जागी मात्र पसरलेल्या बोटांचा ठसा नव्हताच. तिथं एक लहानसा खोलगट खड्डा होता. मूठ होती ती. आवळलेली. तिने त्यावर तळवा ठेवला. जागा कोमट होती, आणि आतून काहीतरी हळूच वर दाबत होतं.

तिला भीती वाटली... किती महिन्यांनी काहीतरी वाटलं, आणि ते तिचं एकटीचं होतं.

बाकीच्यांच्या चटया एकेक करून कपाटात उभ्या राहिल्या. तिने आपली दिली नाही. ती गुंडाळून, उराशी धरून साहेबांच्या मागोमाग चालत राहिली, ओठ मिटून, अर्धामुर्धाच श्वास घेत. खोल श्वास घ्यायचा नाही, ती स्वतःला बजावत होती. निदान त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत तरी नाही.